तीस अंशांचं डिझेल

माझं दुकान वाडीत आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ओळीत. गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करतो. बोलणं माझं मुळातच कमी, आणि या धंद्यात ते खपून जातं. मिस्त्री गप्प आहे म्हणजे विचार करतो आहे, असं गिऱ्हाईक धरून चालतं. कित्येकदा मी नुसताच गप्प असायचो, विचार वगैरे काही नसायचा. माझ्या अशाच एका गप्प बसण्यामुळे एका माणसाचं नाव दोन वर्षं चोर म्हणून घेतलं गेलं. ते इथे लिहून काढतो आहे.

गाडी होती डिझेलची मिनीबस. मालक इतवारीतला, भांड्यांचा ठोक व्यापारी. त्याच्या दोन बस सावनेरकडच्या कोळसा खाणीतल्या ऑफिसच्या लोकांना नागपुरातून नेण्या-आणण्याच्या कामावर होत्या, त्यातली ही एक. ड्रायव्हर सावनेरच्या अलीकडच्या खेड्यातला, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला भाऊ. गाडी दुकानासमोर लावली की खाली उतरून आधी चारी टायरना हात लावून बघायचे, मग माझ्याशी बोलायचे.

या तक्रारीसाठी पहिल्यांदा ते आले ते मार्चच्या शेवटी.

"भाऊ, गाडी ओढून नाई राहिली. चढावर तर असं वाटते का मागून कोणं धरून ठेवलं. आन् हा दिवा."

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला होता. मी स्कॅनर लावला. डिझेल जास्त तापतं आहे, अशी तक्रार गाडीच्या कंप्युटरने लिहून ठेवली होती.

हे जरा सांगायला हवं. टाकीतून निघालेलं सगळं डिझेल इंजिनात जळत नाही. बरंचसं इंजिनाजवळून फिरून, तापून पुन्हा टाकीत येतं. ते वाटेत थंड व्हावं म्हणून या गाडीत चेसिसखाली एक छोटा कूलर आहे आणि त्यात पाणी फिरवायला मुठीएवढा विजेचा पंप. डिझेल किती तापलं ते सांगणारा एक सेन्सर आहे. सेन्सर सांगतो, कंप्युटर ऐकतो आणि पंप चालू करतो. तरीही डिझेल तापत राहिलं तर कंप्युटर इंजिनाची ताकद कमी करतो आणि दिवा लावतो.

पंप चालत नव्हता. फ्यूज चांगला होता. रिले टकटक करत होता. पंपाचा कनेक्टर काढून दोन्ही पिनांवर मीटर लावला, तर बारा व्होल्ट पुरेपूर. वीज येते आहे आणि पंप फिरत नाही, म्हणजे पंप गेला. असं मी मनात ठरवलं.

चूक इथेच झाली, आणि ती शिकाऊ माणसाची चूक होती. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. गंजलेल्या बोल्टवरून, केसाएवढ्या जोडातूनही मीटरला बारा व्होल्ट दिसतात. खरा भार आला की तो जोड वीज पुरवू शकत नाही. म्हणून तिथे बल्ब लावून बघायचं असतं, हेडलाइटचा साधा बल्ब. बल्बला फसवता येत नाही. हे मी स्वतः दहा जणांना शिकवलं आहे. त्या दिवशी बल्ब हाताशी होता, तो मी उचलला नाही.

शेठचा फोन आला.

"गाडी उद्या सकाळी सहाले लायनीवर पाहिजे. काय झालं तिले?"

पंप गेला आहे, हे मी सांगू शकलो असतो. पण त्याच्या आधीच्याच महिन्यात मी त्याच्या दुसऱ्या बसचा एक पार्ट खराब ठरवला होता, नवा आणून बसवला, आणि दोष भलतीकडेच निघाला. तेव्हा शेठ चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "तुह्या मीटरपेक्षा आमच्या बर्डीवरचा पोपटवाला बरा गा. त्याचा पोपट चिठ्ठी तरी बरोबर काढते." सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं माझ्या अंगात राहून गेलं होतं. पंप नागपुरात मिळणार नव्हता, बाहेरून मागवायचा. तो आणला आणि पुन्हा दोष दुसराच निघाला तर?

"काही नाही, दिवा लागला आहे. होऊन जाईल," मी म्हणालो.

आणि डमी मारली.

आमच्या ओळीत हा शब्द पंक्चर काढण्याइतका सहज बोलला जातो. सेन्सरच्या दोन वायरी कापायच्या आणि सेन्सरच्या जागी एक रेझिस्टर जोडायचा. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा असतो, सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिकच्या ठेल्यांवर पाकिटाने मिळतो. मग कंप्युटरला कायम एकच आकडा दिसतो. मी जो जोडला त्याने तीस अंश दिसायचे. डिझेल उकळलं तरी तीस. वरून काळी टेप गुंडाळली, आजूबाजूच्या वायरींसारखीच दिसेल अशी. दिवा विझला, ताकद परत आली.

काकाजींनी एक फेरी मारून आणली. खूश होते.

"काय होतं, भाऊ?"

"सेन्सरचं कनेक्शन ढिलं होतं."

"तरी म्हटलं," ते म्हणाले, आणि गेले.

मी पंप गुपचूप मागवून पुढच्या सर्व्हिसिंगला बदलणार होतो, असं मी त्यानंतर स्वतःला कैक वेळा सांगितलं. मागवला नाही, हे खरं.

मे उजाडला. बस दुपारी रस्त्यात बंद पडायला लागली. सकाळी नाही, तीनच्या परतीच्या फेरीत. अर्धा तास थांबलं की सुरू व्हायची. खाणीतले लोक उन्हात उभे राहायचे, शेठला फोन करायचे. शेठने गाडी डिझेल पंपाचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपला दाखवली. तिथल्या माणसाने इंजिनाला डिझेल देणारा मोठा पंप तपासला आणि म्हणाला, पंप ठीक आहे, तुमचं डिझेल पातळ आहे, त्यात काहीतरी मिसळलेलं दिसतं.

तो खोटं बोलला नव्हता. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि मिसळलेलं डिझेलही पातळच असतं. इंजिनाला दोन्हींनी सारखाच त्रास होतो. फरक सांगणारी एकच गोष्ट त्या गाडीत होती, सेन्सर, आणि तिचं तोंड मी बांधून ठेवलं होतं.

शेठ आणि काकाजी दोघं माझ्याकडे आले. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेठने पांढरा रुमाल डोक्याला बांधलेला होता आणि तो बसायला तयार नव्हता.

"आता तू सांग बावा. वायरिंग, का डिझेल? तू म्हणशील ते फायनल."

शेठ का विचारतो आहे हे तिघांनाही माहीत होतं. टाकीत डिझेल कमी असलं की गाडी जास्त बंद पडायची. शेठने त्यातून काढलं होतं की काकाजी रस्त्यात डिझेल विकतात आणि वरून रॉकेल ओततात. तोंडाने तसं म्हणाला नव्हता अजून.

मी स्कॅनर लावला. इंजिन चालू केलं. पडद्यावर एकाखाली एक आकडे आले. मला कुठली ओळ बघायची आहे ते माहीत होतं, म्हणून मी तिच्याकडे बघत नव्हतो. काकाजी माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता.

"भाऊ," ते म्हणाले, "हे डिझेलचं टेंपरेचर ना? हे तीसच काहून दाखवून राहिलं?"

मी स्कॅनर जरा माझ्याकडे वळवला.

"बाहेर पंचेचाळीस हाय. गाडी सावनेरहून आली आता. पत्र्याले हात लावता येत नाई. आन् डिझेल तीस?"

"कंप्युटरचं असतं तसं," मी म्हणालो.

"कंप्युटरले उन्ह नाई लागत का?"

शेठ हसला. "काकाजी, तुमी कंप्युटरचं सोडा. तुमी डिझेलचं बोला."

मी स्कॅनरची वायर काढून घेतली. पडदा काळा झाला. काकाजींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. समजून घ्यायचं होतं त्यांना, एवढंच.

"मंग वायरिंगमंदी काही नाई?" शेठने विचारलं.

"कंप्युटरमध्ये एकही फॉल्ट नाही."

हे वाक्य मी तोलून बोललो होतो. शब्दाला शब्द खरं होतं ते. फॉल्ट नव्हताच, मीच तो पुसला होता.

"शेठ, मी एकाच पंपावरून भरतो," काकाजी म्हणाले. "पोट्टेही वळखतात तिथले. इचारा त्यायले."

"मी कुठं काय म्हटलं?" शेठ म्हणाला आणि हात पुढे केला.

काकाजींनी चावी त्याच्या हातात दिली नाही. माझ्या टेबलावर ठेवली, मीटरच्या शेजारी, आणि चालत वाडी नाक्याकडे निघाले. डोक्याला काही नव्हतं त्यांच्या. दुपट्टा गाडीत राहिला होता.

शेठ म्हणाला, गाडी इथंच राहू दे, नवीन ड्रायव्हर उद्या घेऊन जाईल. तोही गेला.

मग मी गाडीखाली गेलो. या वेळी बल्ब घेऊन, आणि स्कॅनरवरून पंपाला सक्तीने वीज सोडून. पंपाच्या कनेक्टरला लावला तर तो जेमतेम लालसर पेटला, निखाऱ्यासारखा. अर्थची, म्हणजे वीज चेसिसवरून परत नेणाऱ्या वायरची बाजू काढून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, तर भक्क उजेड. म्हणजे पंप चांगला होता, पॉझिटिव्ह चांगली होती, अर्थ खराब होती. वायर धरून मागे गेलो. पुढच्या चाकाच्या वर, चेसिसला जिथे ती बोल्टने आवळली होती तिथे हिरवट गंज चढला होता, आणि कुणीतरी गाडीला खालून काळा रंग मारताना त्यावरूनही मारला होता. बोल्ट काढला, जागा पॉलिशपेपरने घासली, वायरच्या टोकाला नवा लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी कडी, लावला, आवळला. डमी कापून काढली, सेन्सर जोडला. पडद्यावर आकडा आला अठ्ठावन्न. पंपाची बारीक घरघर सुरू झाली आणि आकडा हळूहळू उतरायला लागला.

वीस मिनिटं लागली असतील. मी गाडीखाली उताणा पडून ती घरघर ऐकत होतो. फोन खिशात होता. शेठ अजून वाडीतून बाहेरही पडला नसेल. मी एक फोन केला असता तर काकाजी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लायनीवर असते. मी हिशेब केला: शेठचा पोपट, शेठच्या दोन बस, शेठच्या ओळखीच्या आणखी पाच-सहा. आणि म्हटलं, काकाजींना काय, इतका चांगला ड्रायव्हर, आठ दिवसांत दुसरी गाडी मिळेल.

दुसऱ्या दिवशी नवीन ड्रायव्हर आला. बस त्यानंतर एकदाही बंद पडली नाही.

यापुढचं मला सुचलंही नव्हतं. महिनाभराने शेठचा फोन आला. "पाह्यलं? ड्रायव्हर बदलला, गाडी सुधरली. मी सगळ्यायले सांगतलं, बावा, या माणसापासून सांभाळा." मी जी दुरुस्ती नीट केली तीच काकाजींच्या विरुद्धचा पुरावा होऊन बसली. आधी नुसता संशय होता. आता तो सिद्ध झाला होता, आणि सिद्ध मी केला होता.

त्या फोनवर मी "हं" म्हणालो.

दोन वर्षं गेली. काकाजींबद्दल मी कुणाला विचारलं नाही. खाणीच्या लायनीवरचे ड्रायव्हर दुकानात आले की मला धाक असायचा, कुणी विषय काढेल. पुन्हा डमी मारली नाही मात्र. ओळीतले लोक म्हणायचे, याचं काय झालं, दिवा विझवायलाही नाही म्हणतो आता. मी म्हणायचो, डोळे दुखतात बारीक कामाने.

मग एप्रिलात एका सकाळी काकाजी स्वतः आले. बसने आले होते, पायीच दुकानाशी. मी एका टेम्पोच्या हेडलाइटमध्ये होतो. स्टूल पुढे केलं. ते बसले. चहा सांगितला, नको म्हणाले.

"सध्या काय चालू आहे?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर चालवतो लोकायचा. रोजीनं. बस कोणी देत नाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, माहिती दिल्यासारखं बोलले. "गावात पानठेल्यावर बसलो का पोट्टे इचारतात, काकाजी, आज किती लिटर? नाव पडलं माहं. टाकी."

मी पक्कड खाली ठेवली.

"एक इचाराचं होतं, भाऊ. दोन साल झाले, डोक्यातून जाऊन नाई राहिलं. मी काही शिकेल नाई. पण ते तीस काहून होतं?"

ते भांडायला आले नव्हते. खरंच विचारायला आले होते. मी तोंड उघडलं आणि आतून एक तयार उत्तर वर आलं, सेन्सरचा बेस व्हॅल्यू असतो काकाजी, असं काहीतरी. अर्धं वाक्य मी बोललोही. "सेन्सरचा ना काकाजी, एक..." एवढं. मग थांबलो. ते वाट बघत राहिले. टेम्पोवाला पलीकडे फोनवर बोलत होता.

"मी केलं होतं ते," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. पंप, मीटर, पोपट, डमी, अर्थचा बोल्ट, वीस मिनिटं, शेठचा फोन. एकही गोष्ट ठेवली नाही. सांगताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. एका चपलेचा अंगठा तारेने शिवलेला होता.

ते उठले, दुकानाच्या दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं आता हे जातील, आणि मला, लाज वाटते लिहायला, बरं वाटलं.

ते वळले. "हे शेठले सांगशील?"

एवढ्या वर्षांत ते मला पहिल्यांदा एकेरी बोलले होते.

"सांगतो."

"आत्ता?"

आम्ही माझ्या स्कूटरवर इतवारीत गेलो. हातठेल्यांतून वाट काढत शेवटी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत. शेठचं दुकान म्हणजे दोन्ही बाजूंना छतापर्यंत पातेली आणि उभट गंज-भांड्यांच्या उतरंडी. दोन गिऱ्हाइकं होती. ती जाण्याची मी वाट बघत होतो. काकाजी म्हणाले, "असू दे त्यायले." मी तसाच बोललो.

शेठने ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"काकाजीनं रडगाणं गायलं असन तुह्याजवळ. तू मनाचा नरम हायेस. पण गा, दोन सालानं?"

"खरं आहे शेठ."

"तेव्हा काहून नाई बोलला?"

"घाबरलो."

"मले काय मालूम, तू आत्ता खोटं बोलून राहिला का तेव्हा बोलला होता?" त्याने गिऱ्हाइकाकडे बघून हात पसरले. "सांगा जी, कोणत्या दिवसाच्या मिस्त्रीवर इस्वास ठेवू?"

गिऱ्हाईक हसलं. माझं बोलणं कुणी मोजावं असं मी काही ठेवलंच नव्हतं.

काकाजी म्हणाले, "मंग तो बोलतो ते सोडा. गाडी तर हाय ना तेच? तिले इचारा."

काकाजी पुढे म्हणाले, "भाऊनं तवा जसं केलं तसं परत करावं. मी चालवतो. तुमी बाजूले बसा. डिझेल तुमच्या डोळ्यासमोर भरा, तुमच्या पंपावरून. बंद पडली तर समजा. नाई पडली तर मी पुन्हा तोंड दाखवत नाई."

शेठ हट्टी आहे, पण पळपुटा नाही. म्हणाला, "मे लागू दे. उन्ह बरोबरीचं पाहिजे. मंग म्हणाचं नाई का थंडी होती."

मेच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं निघालो. लायनीवर माणसांनी भरलेली असायची तसं वजन हवं, म्हणून सीटांवर भांड्यांची पोती लादली होती. पुलावरून गेलं की सगळी बस खणखणायची. टाकी पाऊण रिकामी ठेवली होती, जेवढी असताना बंद पडायची तेवढीच. डिझेल शेठने समोर उभं राहून भरलं. मी त्याच्यासमोर सेन्सर तोडून डमी लावली, त्याच्यासमोर तो अर्थचा बोल्ट काढून ठेवला. मग मांडीवर स्कॅनर घेऊन मागच्या सीटवर पोत्याला टेकून बसलो. आकडा होता तीस.

माझा जन्म गाड्या चालू करण्यात गेला. त्या दिवशी सबंध रस्ताभर मी एक गाडी बंद पडावी म्हणून जीव टांगून बसलो होतो. आणि ती चालत होती. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे गेल्या, पाटणसावंगी गेलं, ती मस्त चालत होती. सावनेरला पोचलो तरी चालतच होती.

शेठने मागे वळून बघितलं. "काय झालं गा तुह्या डमीचं? सुट्टीवर गेली का?"

काकाजींची मान ताठ होती. मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात जात होता. मी म्हणालो, "परतीला बघू. टाकी आणखी उतरेल, तेव्हा तेच तेच डिझेल जास्त फिरतं."

"हो. परतीलेच बघू," शेठ म्हणाला.

सावनेरला आम्ही चहासुद्धा घेतला नाही. गाडी वळवली. तीन वाजले होते. खिडकीतून येणारी हवा तोंडावर फुफाट्यासारखी लागत होती. काकाजींचं गाव रस्त्याच्या कडेला आलं आणि गेलं. त्यांनी तिकडे बघितलं नाही. मी पडद्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या प्रेशरचा आकडा बघत होतो. तो जिथे हवा तिथे होता. मग जरा खाली आला. मग पुन्हा वर गेला. मी नुसता आकडा बघत राहिलो, माझ्या बोलण्याला आता किंमत नव्हती.

पाटणसावंगीच्या अलीकडे काकाजी शांतपणे म्हणाले, "आता बंद पडन."

"काहून?" शेठने विचारलं.

"पाय दाबतो, उचलत नाई."

प्रेशर पडत होतं. काकाजींनी डावीकडचा इंडिकेटर दिला, गाडी बाभळीखाली घेतली आणि ती घेता घेताच इंजिन बंद झालं. पोती एकदा खणखणली. नंतर फक्त रस्त्यावरून जाणारे ट्रक.

मी स्कॅनर शेठच्या हातात दिला. "डिझेल किती दाखवतं?"

"तीस."

"आता खाली या."

शेठ पांढऱ्या कपड्यांत रस्त्याकडेच्या फुफाट्यात गुडघे टेकून बसला. मी टाकीकडे परत येणारा पाइप दाखवला. त्याने हात लावला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. पुन्हा लावला. मग बोटं तोंडाशी धरून बसला.

मी बोल्ट लावला, डमी काढली, सेन्सर जोडला. शेठने आकडा स्वतः वाचला. मोठ्याने वाचला. इंजिन थंड होईपर्यंत आम्ही बाभळीच्या अर्धवट सावलीत उभे होतो. शेठने आपणहून फोन काढला. खाणीच्या लायनीवर ज्यांच्या बस आहेत अशा तिघांना एकामागून एक लावला. "काकाजीचं डिझेल साफ होतं गा. मिस्त्रीची चूक होती." मिस्त्री कोण, असं पलीकडून विचारलं असणार, कारण शेठने माझ्याकडे बघितलं.

"नाव सांगा माझं," मी म्हणालो.

त्याने सांगितलं. दुकानाचा पत्ताही सांगितला.

गाडी सुरू झाली. पंप घरघरत होता. काकाजींनी स्टिअरिंगवर हात ठेवले, पण गियर टाकला नाही.

"शेठ, जराशी मागं घेऊ का? गाव हाय माहं."

शेठने मान हलवली.

पानठेल्यापुढे बाकावर चार-पाच जण होते. बस थांबली तसा ठेलेवाला ओरडला, "काय टाकी, नवी गाडी?" काकाजी खाली उतरले नाहीत. काच पूर्ण खाली केली आणि समोर बघत बसले. शेठही बसून राहिला. मी उतरलो.

अनोळखी माणसांपुढे इतकं मी आयुष्यात बोललो नव्हतो. सगळं सांगितलं. नीट समजलं नाही त्यांना, अर्थ आणि सेन्सर. एवढं समजलं की डिझेल चांगलं होतं आणि हे समोरच्या या मिस्त्रीला त्याच दिवसापासून ठाऊक होतं. टाकी म्हणून ओरडलेला, मिशीवाला, पान लावायचं थांबून ऐकत होता.

"दोन साल तुले मालूम होतं?"

"हो."

"आन् आमी याले रोज..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लाज वाटली नाई तुले?"

"वाटत होती. दुकान जास्त मोलाचं वाटलं."

चुना लावलेलं पान हातातच राहिलं होतं त्याच्या. ते घेऊन तो बसच्या खिडकीशी गेला आणि वर धरलं. काकाजींनी लगेच घेतलं नाही. मग घेतलं.

"बसा भाऊ," ते मला म्हणाले. "शेठची भांडी पोचवाची हायेत."

काकाजी आता दुसऱ्या एका मालकाची बस चालवतात, त्याच लायनीवर. शेठने परत बोलावलं होतं, ते गेले नाहीत. त्या बसचं वायरिंगचं काम निघालं की ती आमच्या ओळीत येते, माझ्या पलीकडच्या चौथ्या दुकानात. काकाजी उतरतात, टायरना हात लावतात. माझ्याकडे कधी बघतात, कधी नाही. माझ्याकडे गाड्या कमी येतात. येतात त्यांना आधी बल्ब लावतो.